दिवेलागणीनंतर न वाचलेला शब्द : दुसरीचा वर्ग आणि रात्रीचे प्राणी

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याला लागून असलेल्या एका गावातील दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी पहिली आणि दुसरीचे वर्ग सांभाळते. येथे मांडलेले प्रकरण दुसरीतल्या एका मुलीच्या वाचनाचे आहे. जूनमध्ये ही मुलगी अडखळत का होईना, पण मनापासून वाचत होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिने घरी वाचणे पूर्णपणे थांबवले आणि वर्गातही तिचा आवाज खाली गेला. कारण शोधता शोधता मी ज्या ठिकाणी पोहोचले, ते मी स्वतः तयार केलेले एक वाचनकार्ड होते. मुलीची, तिच्या घरच्यांची किंवा गावाची ओळख पटेल असा कोणताही तपशील मी येथे दिलेला नाही. मात्र जे घडले ते क्रमाने आणि माझ्या चुकीसह नोंदवले आहे, कारण वाचायला शिकणाऱ्या लहान मुलांना रात्रीच्या प्राण्यांची ओळख करून देण्याचा विचार अनेक शिक्षक करतात आणि हा विषय दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

विषय का निवडला

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. आमच्या भागात त्याआधीचे दोन-तीन आठवडे काजव्यांचे असतात. भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडे रात्री उजळलेली पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची माणसे गाड्या भरून येतात. आमच्या मुलांना त्यासाठी कुठे जावे लागत नाही. ती अंगणात बाजेवर पडून काजवे पाहतात. शाळेच्या पहिल्या दिवशी सुट्टीतल्या गोष्टी निघाल्या तेव्हा सगळा वर्ग काजव्यांवर बोलू लागला, आणि तेथून बोलणे आपोआप रात्रीच्या आवाजांकडे वळले. कोणी आंब्याच्या ढोलीतल्या पिंगळ्याच्या कर्कश ओरडण्याची नक्कल केली, कोणी वाटेवर बसणाऱ्या रातव्याची ठकठक काढून दाखवली, कोणी कोल्हेकुई केली. मला त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. या मुलांना रात्रीचे प्राणी डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक ठाऊक होते. आवाज माहीत आहे, पण प्राणी नीट पाहिलेला नाही. त्याचे घरातले नाव माहीत आहे, पण ते लिहिलेले कधी दिसलेले नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी याहून चांगली जागा नसते, असे मला वाटले आणि आजही वाटते.

सुरुवातीला माझ्याजवळ विकत आणलेला एक तक्ता होता. त्याचे शीर्षक ‘निशाचर प्राणी’ असे होते आणि त्यावर रॅकून, बॅजर, कोआला, किवी यांची सुबक चित्रे होती. चार-पाच मुलांनी ‘रॅकून’ हा शब्द अक्षर अक्षर लावून बरोबर वाचलाही. पण वाचून झाल्यावर एकानेही प्रश्न विचारला नाही. शब्द तोंडातून निघाला आणि तिथेच संपला. ‘निशाचर’ या शब्दावर मात्र प्रश्न आला. रामायणाच्या गोष्टी ऐकलेल्या एका मुलाने विचारले, “बाई, निशाचर म्हणजे राक्षस ना?” त्याचे चुकले नव्हते, आपल्या भाषेत या शब्दाला तो अर्थ आहेच. सात वर्षांच्या मुलांपुढे घुबड, वटवाघूळ आणि साळिंदर यांना राक्षसाच्या नावाखाली आणून बसवणे मला योग्य वाटले नाही. तक्ता मी गुंडाळून ठेवला आणि वर्गात ‘रात्री जागणारे’ एवढाच शब्द वापरायचे ठरवले.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा मुलांच्या अवतीभवतीच्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने केले होते. हे आम्ही अध्यापक विद्यालयात शिकतो, परीक्षेत लिहितो आणि मग तक्ता विकत आणतो. मीही तेच केले होते.

कार्डे कशी तयार केली

मी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची पंधरा कार्डे केली. पुढच्या बाजूस चित्र आणि नाव, मागच्या बाजूस दोन किंवा तीन वाक्ये. क्रम प्राण्यांच्या आकारावर किंवा प्रसिद्धीवर नव्हता, शब्दाच्या लेखनावर होता. पहिले कार्ड ‘तरस’ होते, कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी काहीही नसलेला हा तीन अक्षरी शब्द ज्याला अक्षरे ओळखता येतात तो वाचू शकतो. त्यानंतर ससा आणि पाल. मग काजवा, रातवा, पतंग, घुबड, पिंगळा. त्यानंतर लांब शब्द, म्हणजे रातकिडा, साळिंदर, वटवाघूळ. आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरे असलेले कोल्हा, बिबट्या, मण्यार, चिचुंद्री. ससा या यादीत पाहून मुलांना आश्चर्य वाटले, पण रानातला ससा दिवसा झुडपात दबून बसतो आणि चरायला बाहेर पडतो तो मुख्यतः सांज झाल्यावर, हे त्यांच्याच घरातल्या मोठ्यांनी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितले.

या कार्डांनी मला मराठी वाचनातल्या काही अडचणी फार जवळून दाखवल्या. ‘काजवा’ वाचताना एका मुलाने ‘ज’चा उच्चार ‘जय’मधल्यासारखा केला. का-ज-वा असे तीनदा म्हणूनही त्याला हा कुठला प्राणी ते कळेना, जरी त्याच मुलाने आदल्या आठवड्यात काजव्यांची सर्वांत लांब गोष्ट सांगितली होती. शेजारची मुलगी सहज म्हणाली, “अरे, काजवा!” आणि तिच्या तोंडचा तो दंततालव्य ज ऐकताच त्याचा चेहरा उजळला. एकाच अक्षराचे दोन उच्चार आपण बोलताना सहज करतो, परंतु लिहिताना त्यांत फरक दाखवत नाही. मुलाला योग्य उच्चार निवडता यावा, यासाठी तो शब्द त्याने आधी कानाने ऐकलेला असावा लागतो. ‘रातकिडा’चेही तसेच. रा-त-कि-डा अशी चार अक्षरे सुटी म्हटली की शब्द हरवतो. ‘रात्-किडा’ असे दोन तुकडे ऐकू आले की सापडतो. ‘रॅकून’च्या बाबतीत अशी मदत होण्याची शक्यताच नव्हती, कारण तो शब्द मुलांच्या कानात आधी नव्हता.

मागची वाक्ये मी साधी ठेवली. पालीच्या कार्डावर लिहिले होते : ‘पालीला पापणी मिटता येत नाही. ती जिभेने डोळा पुसते.’ दुसऱ्या दिवशी तीन मुले हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आली होती. घरातल्या दिव्याखाली पाखरे टिपणाऱ्या पालीकडे ती रात्री पुष्कळ वेळ पाहत बसली होती आणि तिची जीभ डोळ्यावरून फिरताना दिसली, हे सांगताना त्यांच्यातला एक मुलगा स्वतःची जीभ नाकापर्यंत नेण्याचा प्रयत्न करत होता. वाक्य वाचायचे, रात्री खात्री करायची आणि सकाळी सांगायचे, असा क्रम सुरू झाला. रोज एक कार्ड घरी न्यायचे आणि संध्याकाळी घरच्यांना वाचून दाखवायचे, हे मी त्याच उत्साहात ठरवले.

मुलीने वाचन कसे थांबवले

या मुलीने तरस, पाल, पतंग, काजवा ही कार्डे एकामागून एक घरी नेली. घुबडाचे कार्ड तिने नेले, पण दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून बाहेर काढले नाही. मला वाटले विसरली. जुलैच्या मध्यावर तिला मण्यारीचे कार्ड मिळाले. जोडाक्षराचे तिचे ते पहिलेच कार्ड होते आणि ‘ण्य’ तिला वर्गात चांगला जमला होता, म्हणून मी ते मुद्दाम तिला दिले. त्यानंतर तिने कार्ड नेणेच बंद केले. नाव पुकारले की ती मान खाली घाली. वर्गातले वाचन ती पुटपुटत करू लागली, इतके हळू की शेवटचे अक्षर ऐकूच येत नसे. जोडाक्षराशी आल्यावर मूल मागे सरते, हा आम्हा सर्वांचा नेहमीचा अनुभव आहे, त्यामुळे मी तेच कारण धरले आणि दहा दिवस तिच्याकडून जोडाक्षरांचा सराव करून घेतला. ते दहा दिवस वाया गेले, एवढेच नव्हे तर तिच्या अंगावर आणखी एक ओझे चढले. पाटीवर ती ‘मण्यार’ अचूक लिहीत होती. न येणारे मूल असे लिहीत नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवे होते.

मधल्या सुट्टीत, इतर मुले बाहेर असताना, मी तिला जवळ बसवून विचारले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आजी म्हणती, रातच्याला त्याचं नाव घ्यायचं नाय.”

आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. तिचे आईवडील अंधार पडेपर्यंत भातखाचरात असत आणि संध्याकाळी घरी आजीच असे. मी रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. आजींनी बसायला पोते अंथरले, चहा ठेवला आणि मी कार्डाचा विषय काढताच त्या सरळ म्हणाल्या, “बाई, पोरगी हुशार हाय, वाचू द्या तिला. पण दिवेलागणीला त्याचं नाव घेत नसत्यात. नाव घेतलं की ते येतं. आमी लांबडं म्हणतो, जनावर म्हणतो.” मी स्वतः खेड्यात वाढलेली आहे. माझ्या घरीही रात्री सापाला साप म्हणत नसत. तरीही मोठ्याने वाचणे म्हणजे नाव घेणे आहे, ही गोष्ट कार्ड लिहिताना माझ्या मनात क्षणभरही आली नव्हती. मी त्या मुलीला रोज दिवेलागणीच्या वेळी, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर, मोठ्या आवाजात जे म्हणू नये तेच म्हणायला पाठवत होते.

पण खरी बोच याहून निराळी होती, आणि ती मला निघताना कळली. कार्डाच्या मागे मी तीन वाक्ये लिहिली होती : ‘मण्यार रात्री फिरते. मण्यार विषारी आहे. जमिनीवर झोपू नका.’ त्या घरात एकच बाज होती आणि तिच्यावर आजोबा झोपत. बाकी सगळी माणसे, ही मुलगी धरून, जमिनीवर झोपत होती. आजी म्हणाल्या की कार्ड वाचल्याच्या रात्री ती झोपेतून दोनदा उठून बसली. मी लिहिलेले वाक्य आरोग्याच्या कोणत्याही पुस्तकात शोभले असते. ज्या मुलीने ते स्वतः अक्षरे जुळवून वाचले, तिच्यासाठी ते तिला पाळता न येणारी आज्ञा होते. वाचता येऊ लागल्याचा पहिला उपयोग तिच्या वाट्याला असा आला होता.

दोन भीती

घरी परतल्यावर मी घुबडाचे कार्डही याच मालिकेत धरले आणि दोन्ही भीतींना एकच उपाय करायला निघाले होते. सुदैवाने तसे केले नाही. या दोन भीती वेगळ्या आहेत आणि रात्रीचे प्राणी शिकवणाऱ्याने हा फरक ओळखला नाही तर तो एक तर मुलांना घाबरवतो किंवा त्यांना खोटा धीर देतो.

मण्यारीची भीती ही माहिती आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी मण्यार ही खऱ्या अर्थाने रात्रीची. ती घरात शिरते, अंथरुणापाशी येते, तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्या माणसाला पुष्कळदा तो कळतही नाही आणि तिचे विष मज्जासंस्थेवर काम करते. पावसाळ्यात आमच्या भागात ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत असते. अंधारात तिचे नाव न घेणे हा त्या भीतीला आवर घालण्याचा जुना मार्ग आहे. नाव घेतल्याने साप येत नाही, हे मी वर्गात सांगते आणि सांगत राहीन; पण ते दुसरीतल्या मुलीच्या तोंडून तिच्या आजीला ऐकवणे हे माझे काम नाही.

घुबडाची भीती तशी नाही. घुबड माणसाचे काहीही बिघडवत नाही. ते उंदीर, घुशी आणि किडे खाते आणि भाताच्या राखणीला मदतच करते. घरावर घुबड बसले तर वाईट घडते या समजामुळे पक्ष्याला दगड मारले जातात, ढोल्या बुजवल्या जातात आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात, जरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे. येथे समज दूर करणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते मी पूर्ण विश्वासाने करते. गावात आणखी एक समज मला मुलांकडूनच कळला. घुबडाला दगड मारला तर ते दगड उचलून नेते आणि पाण्यात घासते. दगड झिजतो तसा मारणारा माणूस झिजत जातो. ही गोष्ट खरी नाही, पण तिने कित्येक घुबडे वाचवली असतील. मी ती खोडून काढायला घाई केली नाही.

कार्डांत केलेले बदल

पहिला बदल मण्यारीच्या कार्डाचा होता. ‘जमिनीवर झोपू नका’ हे वाक्य मी काढले आणि त्या जागी प्रत्येक घराला करता येतील अशा तीन गोष्टी लिहिल्या : ‘अंथरूण झटकून घाला. मच्छरदाणी खाली नीट खोचा. रात्री उठताना बॅटरी लावा.’ खाली नीट खोचलेली मच्छरदाणी जमिनीवर झोपणाऱ्यालाही सापापासून बरेच संरक्षण देते. त्या घरात मच्छरदाणी होती, फक्त ती खुंटीला टांगलेली असे.

दुसरा बदल वेळेचा. शनिवारी सकाळची शाळा असते. कार्ड रोज न देता फक्त शनिवारी सुटताना द्यायचे आणि मुलांनी ते घरी दुपारी वाचायचे, असे ठरवले. इतर दिवशी कार्डे शाळेतच राहत.

तिसरा बदल मी सुचवला नव्हता, मुलीने केला. बदललेले कार्ड तिने घरी नेले आणि सोमवारी मला सांगितले की दुपारी आजी झोपली होती म्हणून तिने संध्याकाळीच वाचले, “पण मी लांबडं वाचलं.” मला समजले नाही. तेव्हा तिने कार्ड उलटून ‘मण्यार’ या शब्दावर बोट ठेवले आणि मला वाचून दाखवले : “लांबडं रातच्याला फिरतं.” लिहिलेले होते ‘मण्यार रात्री फिरते’. शब्द तिला दिसत होता, कळत होता, आणि त्याच्या जागी ती त्या वेळी म्हणता येण्याजोगा शब्द उच्चारत होती. त्यासाठी वाक्याचे लिंगही तिने बदलले होते. नंतर मी तिला सकाळी तेच कार्ड दिले तेव्हा तिने ‘मण्यार रात्री फिरते’ असे जसेच्या तसे वाचले.

याला वाचन म्हणायचे की नाही, यावर मी बराच विचार केला. निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाल्यापासून आम्ही मुलांचे वाचन एका मिनिटात किती शब्द बरोबर, असे मोजतो. त्या मोजणीत ‘मण्यार’ला ‘लांबडं’ म्हणणे ही चूक धरली जाते आणि मोजणीच्या नियमाप्रमाणे तसेच धरणे योग्य आहे, नाहीतर मोजणीला अर्थ राहणार नाही. परंतु तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याच अभियानाचे ध्येय आहे. अर्थ न समजता कोणालाही शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवता येत नाही, आणि ऐकणाऱ्याचा विचार न करता तो ठेवण्याची गरजही पडत नाही. ‘रॅकून’ बिनचूक वाचणारी मुले आणि ‘मण्यार’ला ‘लांबडं’ वाचणारी ही मुलगी यांत समजून कोण वाचत होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिच्या नोंदवहीत मी दोन्ही गोष्टी लिहिल्या : मोजणीतली चूक आणि त्या चुकीपुढे माझे मत.

यानंतर प्रत्येक कार्डावर प्रमाण नावाखाली मुलांनी आणलेली घरची नावे लिहिण्याची पद्धत आम्ही सुरू केली. साळिंदराखाली ‘सायाळ’ आले, वटवाघळाखाली ‘वाघूळ’ आणि लहान वटवाघळांसाठी ‘पाकोळी’ आले. पाकोळीवरून वर्गात वाद झाला, कारण काही घरांत फुलपाखरालाही तेच म्हणतात. दोन्ही ठेवले. नावे बहुधा आज्या-आजोबांकडून येत, त्यामुळे कार्डे घरात परकी राहिली नाहीत. ज्या आजींनी नाव घ्यायला मना केले होते, त्यांनीच नातीबरोबर सांगून पाठवले की रातकिडे एकाएकी गप्प झाले तर समजावे, तिथून कोणीतरी चालले आहे. हे वाक्य आता रातकिड्याच्या कार्डामागे आहे.

पिंगळा आणि गोळ्या

घुबडाकडे आम्ही वळलो ते पावसाचा जोर ओसरल्यावर. पुन्हा आजींनीच वाट दाखवली. त्यांना घुबडाचे नाव नको होते, पण ‘पिंगळा’ हा शब्द त्या आनंदाने बोलत. त्यांच्या लहानपणी पहाटेच्या अंधारात कुडमुडे वाजवीत दारोदार येणारा आणि पिंगळ्याची भाषा समजते म्हणून भविष्य सांगणारा पिंगळा त्यांनी पाहिला होता. त्याला त्या सुपातून धान्य घालत. पिंगळा हे लहान घुबडच आहे, पण एका नावाला भय चिकटले होते आणि दुसऱ्याला आदर. म्हणून वर्गात आधी पिंगळा आला आणि पिंगळ्याच्या आडून घुबड.

शाळेजवळच्या जुन्या आंब्याखाली अंगठ्याच्या पेराएवढ्या करड्या गोळ्या सापडतात. घुबड भक्ष्य गिळते आणि न पचलेली हाडे, केस व किड्यांची कठीण पाठ यांची गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते. मी अशा काही गोळ्या वेचून आणल्या, उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या वर्तमानपत्रावर झाडूच्या काड्यांनी उकलल्या. बहुतेक गोळ्यांत भुंगेऱ्यांच्या चकचकीत पाठींचे तुकडे निघाले. एका गोळीत मात्र नखाएवढा खालचा जबडा सापडला आणि त्याच्या टोकाला नारिंगी-पिवळा, वाकलेला एकच दात होता. दात नारिंगी कसा, हा प्रश्न सगळ्यांना पडला. उंदरांचे पुढचे दात असेच असतात, हे मी सांगितल्यावर ही मुलगी इतर कोणाच्या आधी म्हणाली, “म्हणजे पिंगळा भाताचा उंदीर खातो.” जबडा कापसावर ठेवून आम्ही काडेपेटीत जपला. काम संपल्यावर सर्वांनी साबणाने दोनदा हात धुतले.

त्या दिवशी मुलांनी स्वतः वाक्ये केली आणि मी फळ्यावर लिहिली : ‘पिंगळ्याने उंदीर खाल्ला. पिंगळ्याच्या गोळीत जबडा होता.’ येथे वाचनाची एक नवी अडचण उघड झाली. ‘पिंगळा’ हा शब्द ओळखणाऱ्या मुलांना ‘पिंगळ्याने’ ओळखता येईना. ‘वटवाघूळ’ पाठ असलेली मुले ‘वटवाघळाचे’ या रूपाशी थांबली, कारण तिथे ‘घू’चा ऊकार नाहीसा होतो आणि शब्दाचे ओळखीचे रूपच बदलते. ‘काजवा’चे ‘काजव्याचा’, ‘साळिंदर’चे ‘साळिंदराचे’. कार्डांवर फक्त मूळ नावे लिहून आपण मुलांना अर्धाच शब्द देतो, हे मला त्या दिवशी कळले. प्रत्यक्ष मजकुरात नाव मूळ रूपात फार कमी वेळा येते. म्हणून प्रत्येक प्राण्याचे दुसरे कार्ड केले, ज्यावर त्या प्राण्याची एखादी वस्तू असे : साळिंदराचा काटा, पालीची जीभ, वटवाघळाचा पंख, काजव्याचा दिवा. साळिंदराचा काटा तर एका मुलाने खरोखरच आणला, हातभर लांबीला थोडा कमी, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, आणि साळिंदर काटे फेकून मारते हा समज तेथेच निकालात निघाला, कारण तो गळून पडलेला काटा शेताच्या बांधावर मिळाला होता.

घुबडे रात्री जागतात, हा नियम वर्गात पक्का झाल्यावर मी मुलांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हा पक्षी 1884 नंतर कोणा अभ्यासकाला सापडला नव्हता आणि तो नाहीसा झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्याला तो आपल्याच राज्यात, शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. 113 वर्षे म्हणजे किती, हे समजावण्यासाठी ‘तुमच्या आजीच्या आजीच्या वेळेपासून’ असे सांगावे लागले. मुलांना सर्वांत जास्त नवल मात्र वेगळ्याच गोष्टीचे वाटले : रानपिंगळा दिवसा जागा असतो. आमच्या वर्गात ‘दिवसाचे’ आणि ‘रात्रीचे’ असे कार्डांचे दोन डबे होते. एका मुलाने रानपिंगळ्याचे नवे कार्ड उचलून दिवसाच्या डब्यात टाकले आणि दुसऱ्याने पिंगळ्याचे कार्ड हातात धरून विचारले की हा तर संध्याकाळी उजेड असतानाच ओरडायला लागतो, मग याचे काय. तेव्हापासून तिसरा डबा आहे.

डिसेंबरमधील स्थिती

पहिल्या सत्राच्या अखेरीस ही मुलगी जोडाक्षरांसह सलग परिच्छेद वाचत होती आणि तिचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. तिच्या वेगात फार मोठा फरक पडला असे मी म्हणणार नाही. तिच्याहून भरभर वाचणारी चार-पाच मुले वर्गात आहेत. पण न थांबता पुढे गेलेल्या मुलांपेक्षा ती अर्थाशी अधिक वेळा थांबते, शब्द कळला नाही तर विचारते आणि वाक्य पटले नाही तर तसे सांगते. घुबडाचे कार्ड तिने दिवाळीनंतर घरी नेले. आजींनी ते ऐकले आणि चित्र पाहून “हा तर पिंगळ्याचा थोरला भाऊ” असे म्हणाल्या, असे तिने मला सांगितले.

नव्या दुसरीसाठी कार्डे पुन्हा लिहिताना मी मण्यारीचे कार्ड क्रमाने शेवटी नेले आहे आणि ते घरी द्यायचे की नाही हे प्रत्येक मुलाच्या घरी एकदा जाऊन आल्यावरच ठरवते. ‘बिबट्या’च्या कार्डामागचे वाक्य अजून लिहिलेले नाही. आमच्याकडे उसात आणि ओढ्याच्या काठाला बिबट्या येतो, मुले अंधारात परसाकडे जातात, आणि प्रत्येक घराला पाळता येईल असे वाक्य मला अद्याप सापडलेले नाही. ही मुलगी आता तिसरीत आहे. तिला मी ते कार्ड कोरेच दिले आहे आणि आजीला विचारून काय लिहावे ते सांग, असे म्हटले आहे.